फटफटी जुनी, ब्रेक नवे

मागच्या वेळी टाकीतला गंज कसा काढायचा ते लिहिलं होतं, म्हणून यावेळी गंजाचीच पत्रं येतील असं वाटलं. आली दोन. बाकी सगळ्यांना एकच गोष्ट हवी आहे: दिसायला आजोबांच्या काळातली फटफटी आणि चालवायला आजची गाडी. संभाजीनगरात पुंडलिकनगरच्या माझ्या गॅरेजात अशी दोन धुडं सध्या उभीच आहेत. त्यातलं एक दुसऱ्या कुणीतरी अर्धवट कापून सोडलेलं आहे, ते रोज डोळ्यांसमोर असतं. यावेळची उत्तरं थोडी तिखट वाटली तर त्याचं कारण तेच समजा.

प्रश्न: काका, आजोबांची 1982 ची येझदी घरी पडून आहे. तिची कॅफे रेसर करायची आहे. मागची चेसिस कापून एकच सीट, खाली वाकलेलं हँडल आणि आत पल्सरचं इंजिन. मित्राचा वेल्डिंगवाला ओळखीचा आहे. किती दिवस लागतील?
— एक विद्यार्थी, गारखेडा

उत्तर: वेल्डिंगवाल्याला आधी सांग की घाई नाही. त्याला दिवस एकच लागेल, आणि तो कापलेला तुकडा परत जोडायला तुला जन्म पुरणार नाही.

कॅफे रेसर हा प्रकार लंडनचा, साधारण 1960 च्या आसपासचा. ट्रकवाल्यांच्या चहाच्या हॉटेलांबाहेर पोरं जमायची, त्यातलं एस कॅफे सगळ्यात गाजलं. एकाचं इंजिन दुसऱ्याच्या चेसिसमध्ये घालायची खोडही त्यांचीच. ट्रायम्फचं इंजिन नॉर्टनच्या फेदरबेड चेसिसमध्ये बसवलं की झाली ‘ट्रायटन’. ते चाललं, कारण नॉर्टनची ती चेसिस मुळात रेसिंगसाठी घडवलेली होती आणि काम करणाऱ्यांना लेथ चालवता येत होतं.

तुझ्या येझदीचं तसं नाही. त्या गाडीत इंजिन, साखळी आणि चेसिस एकमेकांना धरून आहेत. पल्सरचं इंजिन ठेवलंस की पुढचं स्प्रॉकेट मागच्याच्या रेषेत येणार नाही. दोन-तीन मिलिमीटरचा जरी फरक राहिला तरी साखळी एका बाजूने खाऊ लागते आणि एखाद्या दिवशी निसटून चाकात जाते. मग इंजिनाला नवे ब्रॅकेट, त्यांना हादरे, हादऱ्यांनी वेल्डिंगला चीर.

हे झालं लोखंडाचं. कागदाचं त्याहून कठीण आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं की कंपनीने दिलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलाशी न जुळणारा बदल मालकाने करायचा नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठणकावून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम 182अ आलं. त्यात मालकाला दर बदलामागे 5000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. दंड दर बदलामागे आहे, हे नीट वाच. आणि अपघात झाला तर विमावाला सगळ्यात आधी इंजिन नंबर बघतो.

मग काय करता येईल? पुष्कळ. मागचा लूप कापू नकोस, त्यावरच बसेल अशी कुबडवाली सीट करून घे. पत्र्याचा तळ, वर फोम, खाली मूळ सीटच्याच बोल्टांवर पकड. हँडल बदलायचं तर जुनं तेल लावून, कागदात गुंडाळून माळ्यावर ठेव. काढलेला प्रत्येक नट-बोल्ट डब्यात, डब्यावर चिठ्ठी. उद्या तुझ्या पोराला गाडी जशीच्या तशी हवी झाली तर एका रविवारी ती परत उभी राहिली पाहिजे. माझ्या गॅरेजात हा एकच नियम आहे. तो ज्याला पटत नाही त्याला मी समोरच्या टपरीवर चहा पाजून परत पाठवतो.

आणि इंजिन बदलायचा विचार करण्याआधी आहे ते एकदा उघडून तर बघ. 65 मिलिमीटरचा बोअर, 75 चा स्ट्रोक, एकच सिलिंडर आणि त्याला दोन सायलेन्सर. गिअरची दांडी आत दाबून उभी केली की तीच किक. असलं डोकं चालवून बनवलेली गाडी म्हैसूरच्या आयडियल जावात 1996 पर्यंत बनत होती. तिच्यात दुसऱ्याचं इंजिन घालणं म्हणजे पुरणपोळीत श्रीखंड भरण्यातला प्रकार.

प्रश्न: माझ्या वडिलांची 1969 ची जावा आम्ही दोघी बहिणींनी दुरुस्त करायला घेतली आहे. दिवा इतका मंद आहे की रस्ता दिसत नाही, फक्त दिवा लागलाय एवढंच दिसतं. बारा व्होल्टचं वायरिंग करावं का? आणि व्हिंटेज नंबर मिळेल का?
— एक शिक्षिका, जालना

उत्तर: ताई, तुमचे दोन प्रश्न एकमेकांच्या आड येतात, म्हणून दुसरा आधी घेतो.

2021 मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांचे नियम केले. पन्नास वर्षांपेक्षा जुनी गाडी, मूळ रूपात असलेली, चेसिस, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार न झालेली. अशा गाडीला ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नंबर प्लेट मिळते. नवीन नोंदणीची फी 20,000 रुपये, मुदत दहा वर्षं. पण मग ती रोजच्या वापराला नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती, इतकंच. शाळेत जायला-यायला वापरायची असेल तर त्या वाटेला जाऊ नका, नेहमीच्या नोंदणीचं नूतनीकरण करून घ्या. शोभेला ठेवायची असेल तर मात्र गाडीत काहीही सुधारू नका, मंद दिवाही नाही.

तुम्ही रोज चालवणार असं पत्राच्या सुरावरून वाटतं, म्हणून आता दिव्याकडे वळू. 6 व्होल्टवर 35 वॅटचा बल्ब जवळपास 6 अँपिअर ओढतो. 12 व्होल्टवर तेवढ्याच वॅटचा बल्ब 3 अँपिअर. आता पन्नास वर्षं जुन्या वायरीत, गंजलेल्या स्विचमध्ये आणि सैल अर्थिंगमध्ये मिळून 0.2 ओहमचा अडथळा आहे असं धरा. 6 व्होल्टच्या गाडीत त्या अडथळ्यातच 1.2 व्होल्ट जातो, म्हणजे पाचवा हिस्सा. 12 व्होल्टच्या गाडीत जातो 0.6, म्हणजे विसावा हिस्सा. जुन्या गाडीला दिवा नाही असं आपण म्हणतो. दिवा असतो, वाटेतच खर्च होतो.

म्हणूनच माझा सल्ला असा की बारा व्होल्टच्या मागे लागण्याआधी पाचशे-हजारात होणारं काम करा. हेडलाइटच्या डूममधून एक जाड अर्थची वायर थेट बॅटरीच्या अर्थपर्यंत आणा. जुन्या गाड्यांत चेसिसच अर्थ असते आणि पेंटर नेमका तिथेच जाड रंग मारतो. बोल्टाखालचा रंग खरवडला की निम्म्या गाड्या तिथेच उजळतात. स्विचचे पितळी पॉइंट बारीक पॉलिश पेपरने घासा. तरीही समाधान झालं नाही तर बारा व्होल्टचा संच बसवा. त्यात डायनॅमो, बॅटरी, कॉईल, हॉर्न आणि सगळे बल्ब एकत्र बदलावे लागतात. अर्धं सहा आणि अर्धं बारा असा संसार होत नाही. फ्यूज मात्र आजच टाका. 1969 ची वायर, तिच्यावरचं कापडी वेष्टण आणि आपला मे महिना ही जोडी मी टाकीखाली धुमसताना पाहिलेली आहे.

प्रश्न: मूळचा संभाजीनगरचा, आता पुण्यात नोकरी. 1994 ची आरएक्स 100 घेतली आहे. पुढे डिस्क ब्रेक, एलईडी हेडलाइट आणि जमलं तर एबीएस बसवायचं आहे. क्रम काय ठेवू?
— एक वाचक, पुणे

उत्तर: क्रम विचारलात, याबद्दल शाबासकी. बहुतेक जण रंगापासून सुरुवात करतात.

क्रम असा: टायर, ब्रेक, दिवा, मग बाकी सगळं. टायरचं थोडक्यात सांगतो. त्याच्या कडेला लंबगोलात चार आकडे असतात. 2319 असेल तर तो टायर 2019 च्या तेविसाव्या आठवड्यात बनला. नक्षी कितीही खोल दिसो, रबर कडक झालं असेल तर त्याला ओल्या रस्त्यावर काहीच धरवत नाही.

ब्रेकवर थोडा थांबणार आहे. डिस्क घालण्याआधी आहे तो ड्रम जितका चालायला हवा तितका चालतोय का, हे कुणी तपासतच नाही. घरी करून बघा. चाक काढा. ड्रमच्या आतली काळी पूड ओल्या फडक्याने पुसा. हवेने उडवू नका, जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. मग ड्रमला आतून खडू फासा, चाक बसवा, हाताने फिरवत दोनदा हलकेच ब्रेक दाबा आणि परत उघडा. शूवर खडू कुठे लागलाय? दहातल्या आठ गाड्यांत एका टोकाला बोटभर पट्टा पांढरा झालेला दिसतो आणि बाकी शू कोरा. म्हणजे ब्रेकचा तेवढाच भाग काम करत होता. पांढरा झालेला उंचवटा कानशीने हलका घासा, परत खडू, परत तपासा. चार-पाच फेऱ्यांत पांढरं सगळीकडे पसरतं. ड्रम अंडाकृती झाला असेल तर लेथवर तासून घ्या, आणि तोही आरे आवळून चाकाचा आउट काढल्यानंतर. आधी तासून मग आरे आवळले तर हब परत ओढला जातो.

शेवटी ड्रमवरची दांडी बघा. ब्रेक पूर्ण दाबलेला असताना तार आणि दांडी यांच्यात काटकोन हवा. लायनर झिजलं की दांडी पुढे जाते, कोन मोडतो आणि हाताचा निम्मा जोर वाया जातो. दांडी एक दाता मागे बसवली की झालं. हे सगळं करून मग ठरवा डिस्क हवी का.

हवीच असेल तर तुम्ही चुकीच्या शहरात राहायला गेलात. 1985 मध्ये तुमची आरएक्स भारतात आली आणि त्याच वर्षी इकडे वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला. त्याच्यामागोमाग सुटे भाग बनवणाऱ्यांची अख्खी पंगत बसली. आज एन्ड्युरन्सचे पुढचे शॉकअप आणि डिस्क ब्रेक देशभरातल्या गाड्यांना लागतात, ते मूळ आमच्या वाळूजचं. त्यामुळे इथल्या मिस्त्रीला कुठल्या गाडीचा फोर्क कशात बसतो हे तोंडपाठ असतं. पण ‘बसतो’ आणि ‘चालतो’ यांत फरक आहे. नवा फोर्क जुन्यापेक्षा आखूड असेल तर गाडी पुढून खाली बसते, हँडल हलकं आणि भित्रं होतं. स्टेमची लांबी, बेअरिंगचा आकार, चाकाचा व्यास आणि फोर्कची एकूण उंची, चारही मोजल्याशिवाय पैसे देऊ नका. जुन्या फोर्कच्या ॲल्युमिनियमच्या नळीवर कॅलिपरसाठी कान वेल्ड करून देतो असं कुणी म्हणालं तर त्याच्या दुकानातून चालते व्हा. तो कान ऐन गरजेच्या क्षणी तुटतो.

आणखी एक, स्वतःच्या चुकीतून शिकलेलं. तरुणपणी मी हौसेने मोठ्या गाडीचा मास्टर सिलिंडर छोट्या कॅलिपरला लावला. मोठा म्हणजे ताकदवान, असा माझा हिशोब. लिव्हर लाकडासारखी कडक झाली आणि मला वाटलं, वा, काय घट्ट ब्रेक! बीड बायपासला पुढचा टेम्पो थांबला तेव्हा कळलं की लिव्हर कडक होती, ब्रेक नव्हता. वरचा पिस्टन मोठा असेल तर हाताच्या तेवढ्याच जोरात तेलावरचा दाब कमी होतो. म्हणून मास्टर सिलिंडर आणि कॅलिपर एकाच गाडीचे घ्या. ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदला, ते हवेतलं पाणी शोषतं. आणि टाकीवर सांडू देऊ नका, चकचकीत रंग पापुद्र्यासारखा निघतो.

एबीएस विसरा. 1 एप्रिल 2019 पासून 125 सीसीवरच्या सगळ्या नव्या गाड्यांना ते सक्तीचं झालं, पण ते त्या-त्या गाडीचं वजन, चाकं आणि टायर धरून कंपनीत जुळवलेलं असतं. बाहेरून आणून बसवायची ती चीज नाही.

एलईडीबाबत सगळ्यांची फसगत एकाच ठिकाणी होते. त्या काळच्या बऱ्याच गाड्यांत हेडलाइटला थेट मॅग्नेटच्या कॉईलमधून एसी करंट जातो. बॅटरीचा डीसी फक्त हॉर्न आणि इंडिकेटरला. एसीवर एलईडी लावली की ती इंजिनाबरोबर लुकलुकते आणि महिन्याभरात मरते. आधी कॉईलचा अर्थ सोडवून पूर्ण करंट रेक्टिफायरमधून डीसी करून घ्यायचा, मग एलईडी. आणि काचेचं जुनं गोल डूम ठेवून आत नुसता एलईडी बल्ब खुपसू नका. ते डूम तारेच्या बल्बसाठी घडवलेलं असतं. उजेड रस्त्यावर पडायचा सोडून समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

प्रश्न: लोखंडी इंजिनाची बुलेट आहे, पॉइंटवाली. किक उलटी मारते, पाय सुजला. इलेक्ट्रॉनिक इग्निशन लावलं तर थांबेल का?
— एक शेतकरी, पैठण

उत्तर: थांबेल, पण आधी किक मारायची रीत तपासा, बिनपैशाचं आहे. चावी लावा आणि हळूहळू किक दाबत अँपिअर मीटरच्या काट्याकडे बघा. पॉइंट मिटले की काटा उणेकडे झुकतो, उघडले की मध्यावर येतो. कॉम्प्रेशनवर पाय अडला आणि काटा मध्यावर आला की थांबा. डीकॉम्प्रेसर ओढून किक केसभर पुढे न्या, सोडा, किक वर येऊ द्या आणि मग पूर्ण पायाने, मध्ये न थबकता मारा. कॉम्प्रेशन 6.5 ला एक, म्हणजे आजच्या गाड्यांच्या मानाने मवाळच. तरी 70 बाय 90 चा तो लांब दट्ट्या अर्ध्या वाटेत सोडला तर पाय परत करतोच.

रीत बरोबर असूनही मारत असेल तर टायमिंग पुढे गेलंय. पॉइंटची फट 0.35 ते 0.40 मिलिमीटर ठेवा. ॲडव्हान्स युनिटच्या दोन छोट्या स्प्रिंगा ताणल्या असतील तर त्या बदला. नव्वद टक्के वेळा दोषी त्याच असतात आणि शिव्या पॉइंटना बसतात.

इलेक्ट्रॉनिक इग्निशन चांगलंच, एकदा बसवलं की फट बघायचं काम संपलं. बाहेरून काही दिसतही नाही, गाडीचं रूप जसंच्या तसं. फक्त चांगल्या बॅटरीची सोय करा, आणि जुनी पॉइंट प्लेट टूलबॉक्समध्ये ठेवा. पॉइंट बिघडले तर शेताच्या बांधावरही ब्लेड घासून घरी येता येतं. इलेक्ट्रॉनिक इग्निशनची डबी जळाली तर ट्रॅक्टरच बोलवावा लागतो.

प्रश्न: फायबरची टाकी करून घेतली, जुन्या रेसिंग गाडीसारखी लांबट. सहा महिन्यांत रंगाला फोड आले आणि झाकणाजवळ चिकट लागतं. पेंटर म्हणतो प्रायमर खराब.
— एक वाचक, गंगापूर

उत्तर: पेंटरला दोष देऊ नका, दोष पेट्रोलचाही नाही, जोडी चुकली. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. आपल्याच उसाचं, तेव्हा तक्रार तरी कुणाकडे करणार? साध्या पॉलिएस्टर रेझिनला इथेनॉल मऊ करतं. टाकी आतून फुगते, विरघळलेला रेझिन पेट्रोलबरोबर खाली जातो आणि कार्बोरेटरच्या जेटमध्ये, व्हॉल्व्हवर गोंदासारखा बसतो. ही टाकी आजच रिकामी करा आणि कार्बोरेटर उघडून बघा. पुन्हा करायचीच तर पत्र्याची करा. आकार तोच येईल, ठोकणारा पत्र्यावाला मात्र चांगला हवा. फायबरचाच हट्ट असेल तर त्याचं वरून नुसतं आवरण करा आणि आत छोटी पत्र्याची टाकी ठेवा.

जुन्या गाडीवाल्या सगळ्यांसाठीच सांगतो: पेट्रोलची नळी, कॉकचा वायसर आणि कार्बोरेटरची रबरं इथेनॉल सोसणारी घ्या. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे जुन्या जेटवर मिश्रण पातळ होतं आणि इंजिन तापतं. प्लगचं टोक पांढरं पडलं असेल तर मेन जेट एक नंबर मोठा टाका. टू-स्ट्रोकवाल्यांनी तर हे टाळूच नये. आणि गाडी दोन-तीन महिने उभी राहणार असेल तर कार्बोरेटरचा बाउल रिकामा करून ठेवा.

प्रश्न: एवढा खटाटोप करण्यापेक्षा जुन्या रूपाची नवीच गाडी का घेऊ नये?
— एक वाचक, परभणी

उत्तर: घ्या की! रॉयल एनफिल्डची क्लासिक 2009 ला आली, जावा 2018 ला परत आली, येझदी 2022 ला. रूप जुनं, आत सगळं आजचं, कागद स्वच्छ. ज्याला रोज सकाळी आठच्या शिफ्टला चिकलठाण्याला पोहोचायचंय त्याला मी हीच गाडी सांगतो, आणि माझं गिऱ्हाईक तेवढं कमी होतं. जुनी गाडी त्यानेच घ्यावी ज्याला रविवारी हात काळे करायला आवडतं आणि ज्याच्या घरी दुसरी गाडी आहे.

प्रश्न: आरएक्सचा सायलेन्सर मागून कापला तर पिकअप वाढतो का? आणि रंग बदलला तर चालतं का?
— पुंडलिकनगर

उत्तर: नाव लिहिलं नाहीस, पण तू कोण ते मला माहीत आहे, रात्री अकराला गजानन महाराज मंदिराकडून येतोस. पिकअप घटतो. टू-स्ट्रोकचा सायलेन्सर म्हणजे नुसती धूर सोडायची नळी नाही. बाहेर पडू पाहणारं ताजं मिश्रण त्याच्या आतल्या निमुळत्या भागावरून येणारी लाट परत सिलिंडरमध्ये ढकलते. तो भाग कापलास की पेट्रोल सरळ रस्त्यावर आणि आवाज शेजाऱ्यांच्या घरात. तो तुकडा अजून घरी असेल तर घेऊन ये, जोडून देतो.

रंग आरसीवर लिहिलेला असतो. बदलायचा असेल तर आधी एमएच-20 च्या आरटीओत अर्ज कर, मग पेंटरकडे जा. आणि येताना गाडी धुऊन आण. आमच्याकडे नळाला पाणी किती दिवसांनी येतं ते तुला माहीतच आहे.